फसलेला ग्राहक आणि जाणता ग्राहक : मुंबईच्या बाजारपेठेतील बनावट नाममुद्रांच्या खरेदीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नामांकित उत्पादकाचे चिन्ह लावलेला बनावट माल बाजारात विकला जातो आणि तो विकत घेणारेही असतात. या मालासाठी मराठी बोलण्यात अनेक शब्द रूढ आहेत. 'बोगस', 'डुप्लिकेट', 'दोन नंबरचा' आणि अलीकडच्या काळात 'फर्स्ट कॉपी' हे त्यांपैकी काही होत. वरवर पाहता हे शब्द समानार्थी वाटतात. परंतु त्यांचा वापर करणारा ग्राहक एकच नसतो. 'बोगस माल दिला' असे म्हणणारा ग्राहक फसवणुकीची तक्रार करीत असतो. 'फर्स्ट कॉपी दाखवा' असे म्हणणाऱ्या ग्राहकाची फसवणूक होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण माल खरा नाही हे त्याला ठाऊक असते आणि तोच त्याला हवा असतो. पहिल्याला या लेखात 'फसलेला ग्राहक' व दुसऱ्याला 'जाणता ग्राहक' असे संबोधले आहे.

अर्थशास्त्रात हा भेद १९८८ मध्ये जीन ग्रॉसमन व कार्ल शपिरो यांनी आपल्या लेखनात स्पष्टपणे मांडला. ग्राहकाला फसवून विकलेला बनावट माल आणि ग्राहकाला पूर्ण कल्पना असताना विकलेला बनावट माल यांचे बाजारावरील परिणाम भिन्न असतात, असे त्यांनी दाखविले. पुढे १९९३ मध्ये ब्लॉक, बुश व कॅम्पबेल या विपणनशास्त्राच्या अभ्यासकांनी जाणत्या ग्राहकाला या व्यवहारातील 'साथीदार' म्हटले. त्यानंतर ग्राहकांच्या वृत्तीवर प्रश्नावलीच्या साहाय्याने जगभर पुष्कळ अभ्यास झाले. तथापि, प्रश्नावली एका क्षणाची वृत्ती टिपते. ती वृत्ती कोणत्या परिस्थितीत घडली हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) व्यापारचिन्हांविषयीच्या कायद्यांनी व न्यायनिर्णयांनी ग्राहकाची कोणती प्रतिमा गृहीत धरली हे तपासणे. (२) जाणता ग्राहक केव्हा व कोणत्या कारणांनी पुढे आला याचा शोध घेणे. (३) या वृत्तीचे आजच्या ग्राहकहिताच्या दृष्टीने महत्त्व स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी मुंबई शहराची निवड करण्यामागे निश्चित कारणे आहेत. मुंबई हे बंदर आहे, कापडगिरण्यांचे व घाऊक कापडबाजाराचे ते केंद्र होते, व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाचे मुख्यालय येथेच आहे आणि स्वातंत्र्योत्तर काळात चोरट्या आयातीचा मोठा बाजारही येथेच वाढला. सामान्य ग्राहकाने आपल्या खरेदीविषयी लिहून ठेवलेले फारसे आढळत नाही. म्हणून कायद्यांची कलमे, न्यायनिर्णय व बाजारातील रूढ शब्द या साधनांमधून त्याची वृत्ती अप्रत्यक्षपणे पाहण्याची वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धती येथे स्वीकारली आहे.

१. 'छाप' पाहून होणारी खरेदी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड मुंबईच्या बंदरातून देशाच्या अंतर्भागात जात असे. प्रत्येक ताग्यावर रंगीत चित्राचे लेबल चिकटविलेले असे. हत्ती, वाघ, देवदेवता, राजेरजवाडे अशी ही चित्रे असत. बहुसंख्य ग्राहक निरक्षर असल्यामुळे उत्पादकाचे नाव वाचून कापड घेणे त्यांना शक्य नव्हते. ते 'छाप' पाहून कापड ओळखत. छाप ओळखीची असली की कापडाचा पोत, टिकाऊपणा व लांबी यांची खात्री वाटे. अशा स्थितीत चित्राची नक्कल म्हणजे थेट विश्वासाची चोरी होती.

ही चोरी होण्यास वाव मोठा होता. कापडाला चिनी मातीची भरपूर खळ देऊन ते जाड व वजनदार भासविणे, ताग्यावर छापलेल्या लांबीपेक्षा कापड कमी भरणे, हे प्रकार होत असत. इंग्लंडमध्ये १८८७ मध्ये व्यापारी मालावरील खुणांचा कायदा झाला आणि त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स अॅक्ट आला. कारखान्यात तयार झालेल्या कापडाच्या ताग्यावर त्याची लांबी वारांमध्ये इंग्रजी आकड्यांत ठळकपणे छापली पाहिजे, अशी तरतूद या कायद्यात होती. तत्पूर्वी १८६० च्या भारतीय दंड संहितेतही खोटे व्यापारचिन्ह वापरणे व असा माल विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे हे गुन्हे ठरविण्यात आले होते.

या दोन्ही कायद्यांत एक गोष्ट समान आहे. शिक्षा बनविणाऱ्याला व विकणाऱ्याला आहे. विकत घेणाऱ्याचा उल्लेख केवळ फसविला जाणारा इसम म्हणून येतो. त्या काळाच्या दृष्टीने ही प्रतिमा वास्तवाला धरून होती. वारभर कापडासाठी पदरचे पैसे मोजणारा शेतकरी किंवा गिरणी कामगार खोटी छाप जाणूनबुजून कशाला घेईल? त्याला छापेचा मिरवण्यासाठी उपयोग नव्हता. त्याला टिकणारे कापड हवे होते.

२. स्वदेशी, खादी आणि चिन्हाची सार्वजनिक किंमत

वंगभंगानंतर १९०५ पासून ही स्थिती बदलू लागली. पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, मुंबईत स्वदेशी मालाची भांडारे निघाली आणि कापड कोठे तयार झाले याला दर्जापेक्षा निराळे मूल्य प्राप्त झाले. 'स्वदेशी' हा शब्द विकला जाऊ लागला तशी त्याची नक्कलही होऊ लागली. असहकाराच्या चळवळीनंतर हाच प्रकार खादीच्या बाबतीत अधिक तीव्रतेने घडला. हातसुताच्या हातमागावरील कापडाऐवजी गिरणीत विणलेले जाडेभरडे कापड 'खादी' म्हणून बाजारात आले; त्यात देशी गिरण्यांचे कापड होते तसेच जपानी कापडही होते. महात्मा गांधींनी या प्रकाराचा वारंवार निषेध केला. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने प्रमाणित खादीची व्यवस्था उभी केली.

अखेर १९३४ मध्ये खद्दर या नावाच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. 'खद्दर' व 'खादी' हे शब्द हिंदुस्थानात हाताने कातलेल्या सुताचे, हिंदुस्थानात हातमागावर विणलेले कापड दर्शवितात, असे या कायद्याने ठरविले. ज्या सरकारविरुद्ध खादी हे शस्त्र होते त्याच सरकारच्या कायद्यपुस्तकात खादीच्या नावाला संरक्षण मिळाले, ही घटना लक्षणीय आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये याच विषयावर नवा कायदा झाला.

योगायोग असा की १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या अधिवेशनात काँग्रेसने आपल्या घटनेत दुरुस्ती करून निवडून द्यावयाच्या पदांसाठी नित्य खादी वापरण्याची अट घातली. म्हणजे अंगावरील कापड हे आता सार्वजनिक प्रतिष्ठेचे व पात्रतेचे चिन्ह झाले होते. खरी खादी गिरणीच्या कापडापेक्षा महाग पडत असे. अशा वेळी स्वस्त गिरणी-खादी घेणारे सर्वच ग्राहक अजाण होते असे मानणे कठीण आहे. ज्या चिन्हाला समाजात किंमत येते त्याची नक्कल विकणाराच नव्हे, तर मागणाराही निर्माण होतो. जाणत्या ग्राहकाची पहिली चाहूल येथे लागते, असे म्हणता येईल. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन विचारवंताने १८९९ मध्ये प्रदर्शनासाठी होणाऱ्या उपभोगाची मीमांसा केली होती. त्यागाचे प्रतीक असलेले वस्त्रही त्या नियमातून सुटले नाही.

३. न्यायालयांनी कल्पिलेला ग्राहक

व्यापारचिन्हांच्या नोंदणीची पद्धती १९४० च्या कायद्याने सुरू झाली व १९५८ च्या कायद्याने नोंदणी आणि खोट्या खुणा हे दोन्ही विषय एकत्र आणले. यानंतर सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या काही वादांत ग्राहक कसा असतो याची चर्चा झाली. 'ग्लुकोव्हिटा' व 'ग्लुव्हिटा' या नावांच्या वादात १९५९ मध्ये न्यायालयाने साधारण बुद्धीच्या व अपुरी स्मृती असलेल्या माणसाचा निकष लावला आणि ही इंग्रजी धाटणीची नावे भारतीय जनतेला परकी आहेत याचीही दखल घेतली. 'अमृतधारा' व 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांविषयी १९६२ मध्ये निर्णय देताना, बेसावध खरेदीदार नावाची फोड करून त्याचा अर्थ लावीत बसत नाही, तो एकंदर साम्याने फसू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. मुंबईच्या पार्ले कंपनीच्या बिस्किटांच्या वेष्टनासंबंधीच्या १९७२ च्या निर्णयात, दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजण्याची पद्धत न्यायालयाने नाकारली. कारण ग्राहक दुकानात तसे करीत नाही.

हे निर्णय ग्राहकाविषयीच्या सहानुभूतीने भरलेले आहेत. घाईत असलेला, अल्पशिक्षित, चित्र आणि रंग आठवणारा माणूस न्यायालयाने डोळ्यांसमोर ठेवला. छाप पाहून कापड घेणाऱ्या ग्राहकाचाच हा वारसदार होय. परंतु याच दशकांत मुंबईच्या बाजारांत एक निराळा ग्राहक घडत होता.

४. टंचाई, 'फॉरेनचा माल' आणि पावती नसलेली खरेदी (१९४७ ते १९९१)

१९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने व विशेषतः १९५६-५७ च्या परकीय चलनाच्या पेचानंतर उपभोग्य वस्तूंची आयात जवळजवळ बंद झाली. घड्याळे, ट्रान्झिस्टर, कृत्रिम धाग्यांचे कापड, अत्तरे, दाढीची पाती या वस्तू अधिकृत मार्गाने दुर्मीळ झाल्या. देशी उत्पादन सुरू झाले होते. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला. तथापि, मागणी पुरवठ्यापेक्षा अधिक होती. ही पोकळी चोरट्या आयातीने भरून काढली. मुसाफिरखाना, मनीष मार्केट, क्रॉफर्ड मार्केटचा परिसर ही 'फॉरेनच्या मालाची' ठिकाणे मध्यमवर्गीय मुंबईकरांच्या परिचयाची झाली.

शासनाने यावर कठोर कायदे केले. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने सोने, घड्याळे यांसारख्या वस्तू चोरट्या नाहीत हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या ज्याच्याकडे सापडतील त्याच्यावर टाकली. १९६९ च्या दुरुस्तीने अधिसूचित परदेशी वस्तू पावतीशिवाय घेण्यास मनाई केली. १९७४ मध्ये तस्करांच्या स्थानबद्धतेचा कायदा आला. येथे एक विसंगती दिसते. खोट्या नाममुद्रेचा माल घेणाऱ्याला कायदा निर्दोष मानीत होता. खरा परंतु चोरटा माल घेणाऱ्यावर मात्र पावतीची जबाबदारी होती.

या विसंगतीचा बाजारावर झालेला परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. चोरट्या मालाला पावती नसते, हमीपत्र नसते, तक्रार करण्यास जागा नसते. हळूहळू पावती नसणे हीच माल 'ओरिजिनल' असल्याची खूण ठरू लागली. दुकानदार आवाज खाली आणून बोलतो, माल फळीखालून काढतो, बिल देत नाही. म्हणजे वस्तू परदेशी असणार, असा ग्राहकाचा तर्क. बनावट माल विकणाऱ्याला याहून सोयीची परिस्थिती कोणती? देशात बनविलेली वस्तू चोरट्या आयातीची म्हणून विकली, तरी ग्राहक पोलिसांकडे जाऊ शकत नव्हता. कारण आपण चोरटा माल घ्यायला गेलो होतो हे त्याला प्रथम सांगावे लागले असते. असा ग्राहक फसलेला होता आणि त्याच वेळी साथीदारही होता. कायद्याच्या चौकटीत या दुहेरी भूमिकेसाठी जागाच नव्हती.

उल्हासनगरचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या या समाजाने लहान उद्योगांतून आपले जीवन पुन्हा उभे केले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद मुंबई परिसरात दीर्घकाळ प्रचलित आहे. एका संपूर्ण शहराला बनावटगिरीशी जोडणे अन्यायाचे आहे, हे स्पष्ट केले पाहिजे. तेथील बहुतांश उद्योग स्वकष्टाचा व प्रामाणिक होता. परंतु विनोदाचा अर्थ इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. विनोद सांगणारा व ऐकणारा दोघेही ग्राहक होते, अशी वस्तू नेमकी काय आहे हे दोघांनाही माहीत होते आणि त्यात कोणालाही लाज वाटत नव्हती. फसवणुकीची तक्रार विनोदात रूपांतरित झाली, हे वृत्तीतील बदलाचे गमक होय.

परदेशी नाममुद्रांचा प्रभाव माल उपलब्ध नसतानाही टिकून होता, हे न्यायालयांनाही मान्य करावे लागले. 'सेव्हन ओ क्लॉक' या दाढीच्या पात्यांच्या नावाने दात घासण्याचे ब्रश विकण्याविषयीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, आयात थांबली म्हणून नावाचा लौकिक संपत नाही, असा निर्णय दिला. 'व्हर्लपूल' प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी नियतकालिकांतील जाहिरातींमधून देशात पोहोचलेला लौकिकही ग्राह्य धरला. वस्तू हाती नसताना तिचे नाव घरोघरी पोहोचले होते. अशा नावाची भूक बनावट माल भागवीत होता.

५. उदारीकरणानंतरचा बाजार

१९९१ नंतर परदेशी नाममुद्रा टप्प्याटप्प्याने अधिकृत दुकानांत आल्या. तर्कानुसार बनावट मालाची मागणी घटावयास हवी होती. प्रत्यक्षात मागणीचे स्वरूप बदलले. पूर्वी अडसर आयातबंदीचा होता. आता तो किमतीचा झाला. विक्रेत्याला खोटे बोलण्याची गरज उरली नाही. 'चोरटा पण खरा' असे सांगण्याऐवजी 'खोटा पण हुबेहूब' असे तो उघडपणे सांगू लागला. 'फर्स्ट कॉपी' हा शब्द याच व्यवहाराचा आहे. त्यात प्रतवारी आहे, भाव आहे, घासाघीस आहे. फक्त पावती आजही नाही. टंचाईच्या काळात अंगवळणी पडलेली सवय टंचाई संपल्यावरही टिकली.

कायदा मात्र जुन्याच वाटेने चालला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा झाला व तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. खोटे चिन्ह लावणे व असा माल विकणे यांस ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे. खरेदीदाराला शिक्षा नाही. २००७ च्या सीमाशुल्कविषयक नियमांनीही प्रवाशाच्या सामानातील वैयक्तिक वापराच्या वस्तू वगळल्या. इटलीने २००५ मध्ये खरेदीदारालाही दंड करण्याचा मार्ग स्वीकारला. भारताने तो स्वीकारला नाही.

ग्राहक संरक्षण कायद्याची स्थितीही विचार करण्यासारखी आहे. २०१९ च्या कायद्यानुसार, खरा असल्याचा खोटा दावा केलेला माल हा बनावट माल होय. मग विक्रेत्यानेच 'ही कॉपी आहे' असे सांगितले असेल तर? दावाच नसल्याने या व्याख्येचा आधार त्या ग्राहकाला क्वचितच मिळेल. ग्राहक चळवळीची महाराष्ट्रातील परंपरा मोठी आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. या चळवळीने ग्राहकाला पावती मागण्यास शिकविले. जाणता ग्राहक मात्र पावती न मागण्याच्या अटीवरच खरेदी करतो. त्यामुळे चळवळीची भाषा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

६. वृत्तीची किंमत

बनावट घड्याळ किंवा बूट घेणाऱ्याने कोणाचे काय बिघडविले, असा प्रश्न विचारला जातो. महागड्या परदेशी कंपनीच्या नफ्याविषयी सामान्य माणसाला सहानुभूती वाटत नाही व तिची अपेक्षा करणेही व्यर्थ आहे. परंतु बनावट मालाचा बाजार घड्याळापाशी थांबत नाही. वाहनांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, प्रसाधने आणि औषधे हीसुद्धा खोट्या नावाने विकली जातात. येथे ग्राहक जाणता नसतो. ताप आलेल्या मुलासाठी कोणीही 'फर्स्ट कॉपी' मागत नाही.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये बनावट औषधांच्या प्रश्नाचा विचार करून अत्यंत कठोर शिक्षेची शिफारस केली. २००८ च्या दुरुस्तीने, ज्या बनावट औषधामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा संभवते त्यासाठी किमान १० वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरविण्यात आली. केंद्र सरकारने २००९ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत २४,१३६ नमुन्यांपैकी ११ नमुने बनावट आढळले. प्रमाण अल्प आहे, हे समाधानाचे आहे. तरीही त्या ११ नमुन्यांच्या मागे उभा असलेला ग्राहक हा १८८९ च्या कायद्यातील छाप पाहून विश्वास ठेवणारा ग्राहकच आहे. 'फाल्सिगो' व 'फाल्सिटॅब' या मलेरियाच्या औषधांच्या नावांविषयी २००१ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने औषधांना अधिक कडक निकष लावला तो याच जाणिवेने.

येथे दोन ग्राहकांचे हितसंबंध परस्परांशी भिडतात. जाणत्या ग्राहकाच्या सहिष्णुतेवर खोटी लेबले छापणारे, वेष्टने बनविणारे व विनापावती माल पोहोचविणारे व्यवसाय जगतात. अशा यंत्रणेचा फटका शेवटी अजाण ग्राहकाला बसू शकतो. एकाची हौस दुसऱ्याच्या विश्वासाची झीज करते. ज्याला परवडते तो मोठ्या दुकानात जाऊन खात्री विकत घेतो. खात्री नसण्याचा भार गरिबावर पडतो.

निष्कर्ष

(१) एकोणिसाव्या शतकातील कायद्याने ग्राहकाला केवळ फसविला जाणारा इसम मानले. छाप पाहून खरेदी करणाऱ्या निरक्षर समाजात ही प्रतिमा यथार्थ होती व पुढील न्यायनिर्णयांनी ती जपली.

(२) चिन्हाला सामाजिक किंमत प्राप्त होताच त्याच्या नकलेला जाणता गिऱ्हाईक मिळतो. याचे आरंभीचे उदाहरण खादीच्या इतिहासात आढळते.

(३) जाणत्या ग्राहकाची आजची वृत्ती प्रामुख्याने आयातनियंत्रणाच्या काळात घडली. विनापावती खरेदी ही त्या काळाची देणगी असून उदारीकरणानंतर ती बनावट मालाच्या उघड बाजारात रूपांतरित झाली. ही वृत्ती राष्ट्रीय स्वभावाचा दोष नाही. विशिष्ट धोरणांतून निर्माण झालेली ती सवय आहे.

(४) प्रचलित कायदे या ग्राहकाला शिक्षाही करीत नाहीत व संरक्षणही देत नाहीत.

समारोप

खरेदीदाराला दंड करणे हा उपाय भारतीय परिस्थितीत योग्य ठरणार नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कारण फुटपाथवर खरेदी करणाऱ्यांत फसलेला कोण व जाणता कोण हे ठरविण्याचा अधिकार पोलिसाच्या हाती जाईल आणि त्याचा त्रास अल्प उत्पन्नाच्या ग्राहकालाच होईल. त्याऐवजी जीवनावश्यक व सुरक्षिततेशी निगडित वस्तूंच्या बाबतीत पुरवठ्याच्या साखळीवर कडक देखरेख आणि इतर वस्तूंच्या बाबतीत ग्राहकशिक्षण असा भेद करणे इष्ट होईल. महाविद्यालयीन विद्यार्थी हा अशा मालाचा महत्त्वाचा ग्राहक आहे. त्याला नीतीचा उपदेश करण्यापेक्षा त्याच्या हातातील वस्तूला पावती का नाही, हा प्रश्न वाणिज्य, विधी व इतिहास या तिन्ही विषयांच्या वर्गांत विचारला गेला, तर त्याचे उत्तर शोधताना त्याला दीडशे वर्षांच्या बाजाराचा इतिहास आपोआप गवसेल.